पाच तारा उतरतात, एक चढते : लॉकिंग ट्रेमोलोच्या अस्थिर सुराचे एक प्रकरण

सोलापुरातील माझ्या लहानशा दुरुस्तीच्या दुकानात येणारी बहुतेक वाद्ये म्हणजे भजनी मंडळांच्या पेट्या असतात. इलेक्ट्रिक गिटार महिन्याला दोन-तीन येतात आणि लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे दांडीने सूर हलवणारी आणि तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारी यंत्रणा, असलेली गिटार वर्षाला फार तर पाच-सहा. गेल्या जुलैत आलेल्या अशाच एका गिटारने माझे चार दिवस घेतले. तिच्यात शेवटी दोन दोष निघाले आणि दोन्ही तसे साधेच होते. परंतु ते एकमेकांवर असे चढून बसले होते की एकाचे लक्षण दुसऱ्याच्या लक्षणाला झाकून टाकत होते. त्या चार दिवसांचे आकडे माझ्या वहीत आहेत, आणि ज्या टप्प्यावर माझी स्वतःची चूक झाली तो टप्पाही त्यात आहे, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहीत आहे.

गिटारचा मालक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण आहे. दिवसा तो अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो आणि संध्याकाळी चौघांच्या बँडमध्ये वाजवतो. गणेशोत्सवातील दोन कार्यक्रमांच्या तारखा ठरलेल्या होत्या आणि प्रत्येक गाण्यानंतर सूर लावत बसावे लागते, ही त्याची तक्रार होती. दांडी वापरली की तिसरी तार हमखास बेसूर होते आणि मग सगळा कॉर्डच, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूहच, आंबट लागतो, असे त्याचे वर्णन होते. दोष कुठे असावा याविषयी त्याचे मतही तयार होते : "काका, स्प्रिंगाच ढिल्या पडल्यात की ओ, नवीन टाकून द्या, एवढंच काम आहे."

तो माझ्याकडे येण्यापूर्वी त्या गिटारवर काय काय झाले होते, ते विचारून घेतले तेव्हा यादी बरीच लांबली. दोन महिन्यांत तारांचे तीन संच बदलले होते. पूर्वी ९–४२ जाडीच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा होत्या. जाड तार सूर धरून ठेवते असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्याने १०–४६ चा संच चढवला होता. त्या वाढलेल्या ओढीमुळे ब्रिजची, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे बसतात त्या पट्टीची, शेपटी वर उचलली गेली, म्हणून मागे चौथी स्प्रिंग लावली गेली. खुंट्यांचा पूर्ण संच नवा बसवला होता. परगावच्या एका दुकानात तारांची उंची कमी करून घेतली होती. नटाचे, म्हणजे मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा आवळणाऱ्या पट्टीचे, स्क्रू इतके आवळले होते की मधल्या स्क्रूच्या डोक्यातील षटकोनी खाच गोल झाली होती आणि ३ मिलिमीटरची एलन की त्यात नुसतीच फिरत होती. यांपैकी खुंट्यांवरचा खर्च पूर्णपणे वाया गेलेला होता, हे मला त्याला तेव्हाच सांगावे लागले. नट आवळल्यानंतर खुंटीचा तारेच्या सुराशी काही संबंध उरत नाही, आणि उरत असेल तर दोष खुंटीत नसून नटात आहे.

येथे या यंत्रणेची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारवर जो ब्रिज बसवला त्याला त्यांनी ट्रेमोलो म्हटले, आणि तेव्हापासून हे चुकीचे नाव चिकटले ते चिकटलेच. ट्रेमोलो म्हणजे आवाजाची तीव्रता कमी-जास्त होणे, आणि ही दांडी तर स्वराची उंची हलवते. आपल्याकडच्या गायकाला विचारले तर तो याला आंदोलन म्हणेल आणि ते जास्त बरोबर ठरेल. त्या ब्रिजची अडचण अशी की दांडी खाली दाबली की तारा सैल पडून नटाच्या खाचेतून आणि खुंटीच्या वेढ्यांतून थोड्या सरकतात आणि परत येताना पूर्वीच्या जागी येतीलच असे नसते. अमेरिकेतील फ्लॉइड रोझ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय काढला आणि १९७९ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले : तार नटापाशी चिमट्यात आवळून टाकायची आणि ब्रिजपाशीही आवळायची, म्हणजे सरकायला जागाच उरत नाही. नट आवळल्यावर खुंट्यांनी सूर लावता येईना, म्हणून ब्रिजवर बारीक फेरफारासाठी फाइन ट्यूनरचे स्क्रू पुढे आले.

ब्रिजची पट्टी दोन खांबांवर, म्हणजे स्टडवर टेकते आणि टेकण्याच्या जागी तिची कड सुरीच्या पात्यासारखी निमुळती केलेली असते. ही धार स्टडच्या गोल खाचेत बसते आणि तिच्यावरच सगळा ब्रिज डोलतो. पुढून तारा ओढतात, मागच्या पोकळीतून स्प्रिंगा ब्रिजच्या ठोकळ्याला ओढतात आणि दोन्ही ओढींचा समतोल साधला की ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर तरंगत राहतो. सराफाच्या जुन्या काट्याची दांडी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथेही दांडी धारेवर टेकते, आणि धार बोथट झाली की काटा मध्यावर येण्याऐवजी जिथून आला त्या बाजूला किंचित थबकतो. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

गिटार दुकानात आल्यावर मी तिला दोन तास तशीच टांगून ठेवली. पंख्याखालच्या, एसीतल्या आणि बाहेरच्या हवेत तारांचा सूर बदलतो. स्टेजच्या दिव्यांखाली तार तापून लांबते आणि उतरते. असा बदल सगळ्या तारांत एकाच दिशेने आणि सावकाश होतो आणि त्याचा दांडीशी संबंध नसतो. मालकाचा एक संशय पावसाळी हवेवरही होता. ओल्या हवेने गिटारची मान थोडी हलते हे खरे आहे, पण ती गाण्यागणिक हलत नाही. शिवाय सोलापुरात जुलै म्हणजे बऱ्याचदा नुसते ढग असतात. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा.

गिटार आहे त्या अवस्थेत मोजायची, एकही स्क्रू फिरवायचा नाही, असा माझा नियम आहे आणि तो पाळणे वाटते तितके सोपे नाही. ब्रिज तिरका दिसत होता, तार फ्रेटवर घासत होती आणि हात आपोआप एलन कीकडे जात होता. परंतु ब्रिज आधी सरळ केला असता तर तक्रारीतील लक्षणच बदलले असते आणि मग कशामुळे काय सुधारले हे कधीच कळले नसते. म्हणून सहाही तारा ट्यूनरवर शून्यावर आणल्या, दांडी पाच वेळा तारा लोंबेपर्यंत दाबली, हाताने धरून सावकाश मूळ जागी येऊ दिली आणि आकडे लिहिले. आकडे सेंटमध्ये आहेत. एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात आणि बहुतेकांच्या कानाला कॉर्डमध्ये पाच-सहा सेंटचा फरक बोचू लागतो. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ९ सेंट उतरलेली होती, पाचवी ७, चौथी ५, दुसरी ५ आणि पहिली ३ सेंट उतरलेली होती. तिसरी मात्र ४ सेंट चढलेली होती.

माझी चूक झाली ती इथे. तिसरी तार हीच तक्रार होती, तीच वेगळी वागत होती, त्यामुळे तिच्याकडेच माझे लक्ष गेले. उरलेल्या पाच तारा उतरल्या होत्या त्याचे कारण मी तारा नव्या आहेत, अजून ताणल्या जात आहेत, असे मनात ठरवून टाकले आणि वहीत त्यांच्यासमोर 'नव्या तारा' एवढे दोनच शब्द लिहिले. त्या दिवशी मी दांडी वर ओढून पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर वही समोर होती म्हणून राहिलेली अर्धी चाचणी केली : तारा पुन्हा शून्यावर, दांडी पाच वेळा वर ओढून सावकाश सोडली. आता सहावी ७ सेंट चढलेली निघाली, पाचवी ५, चौथी ४, दुसरी ४ आणि पहिली २. तिसरी ६ सेंट उतरलेली होती.

नवी तार ताणली जाऊन उतरते, चढत कधीच नाही. पाच तारा एका दिशेला उतरतात आणि दुसऱ्या दिशेला चढतात, याचा अर्थ तारांना काही झालेले नाही. त्यांच्याखालचा ब्रिज मूळ जागी येत नाही. दांडी दाबून सोडल्यावर तो पुढेच किंचित कलता राहतो, तारा सैल राहतात आणि सूर उतरलेला राहतो. दांडी ओढून सोडल्यावर तो मागे थबकतो आणि सूर चढलेला राहतो. धार बोथट झालेल्या काट्याचे वागणे ते हेच. पहिली तार सर्वांत कमी हलली यातही विशेष काही नाही, कारण ब्रिज सगळ्यांसाठी सारखाच सरकला तरी प्रत्येक तार आधीच किती ताणलेली आहे त्यावर तिचा सूर किती बदलेल हे अवलंबून असते, आणि बारीक पहिली तार आपल्या जाडीच्या मानाने फार ताणलेली असते.

तिसऱ्या तारेचे वागणे याच्या नेमके उलट होते. तार जर नटाच्या चिमट्यात सरकत असेल तर दांडी दाबल्यावर वाजणारा भाग सैल पडतो, नटापलीकडे डोक्याच्या बाजूला असलेली ताणलेली तार त्याला थोडी आपल्याकडे ओढून घेते आणि ब्रिज परत आला की वाजणारा भाग आखूड पडून सूर चढतो. दांडी ओढल्यावर उलटे होते, डोक्याकडची तार वाजणाऱ्या भागात येते आणि सूर उतरतो. ब्रिजपाशी तार निसटत असेल तर तिला मागून ओढणारे काही नसते, म्हणून ती फक्त उतरतच जाते, कधी चढत नाही. दांडीच्या दोन दिशांना सूर कोणत्या दिशेने चुकतो आणि तो एका तारेचा चुकतो की सगळ्यांचा, एवढ्या दोन प्रश्नांवर बहुतेक निदान होते. किती सेंट चुकतो हा आकडा त्यानंतर येतो. पण मालक, वादक आणि आम्ही दुरुस्ती करणारेही प्रथम त्या आकड्याकडेच पाहतो.

यावरून मी एक अंदाज वहीत लिहून ठेवला. ब्रिजचा दोष तिसऱ्या तारेलाही लागूच असणार. तिसरी तार जाडीच्या मानाने शेजारच्या तारांहून कमी ताणलेली असते, त्यामुळे त्या ५ सेंट उतरल्या तर दांडी दाबल्यावर ती एकट्या ब्रिजमुळे सुमारे ८ सेंट उतरायला हवी होती. ती प्रत्यक्षात ४ चढली, म्हणजे नटातून तिला १२ सेंटचा उलटा धक्का मिळत असावा. नट दुरुस्त झाल्यावर तिसरी तार सुरात राहणार नाही, तर ८ सेंट उतरेल, असे मी लिहिले आणि तारीख घातली.

अंदाज तपासण्यासाठी आधी दोन दोष एकमेकांपासून सोडवणे भाग होते. गिटारची मागची झाकणपट्टी काढली आणि ब्रिजच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना सागाच्या चिपा तासून घट्ट बसवल्या. बारीक फट राहिली तिथे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे सारले. आता ब्रिज कोणत्याच दिशेला हलू शकत नव्हता आणि गिटार साध्या पक्क्या ब्रिजची झाली. अशा स्थितीत प्रत्येक तार बोटाने दोन अर्धस्वर वर ओढून दहा वेळा सोडली. पाच तारा एका सेंटच्या आत राहिल्या. तिसरी ६ सेंट उतरली. म्हणजे तिचा दोष ब्रिजच्या डोलण्यावर अवलंबून नव्हता. तो नटात आहे की सॅडलमध्ये (ब्रिजवर तार धरणाऱ्या तुकड्यात), एवढेच आता पाहायचे होते. मी बारीक टोकाच्या काळ्या मार्करने तिसऱ्या तारेवर दोन ठिपके दिले, एक नटाच्या कडेला अगदी चिकटून आणि दुसरा सॅडलमधून तार बाहेर येते तिथे. आणखी दहा वेळा तार ओढल्यावर सॅडलजवळचा ठिपका तिथेच होता. नटाजवळच्या ठिपक्यात आणि नटाच्या कडेत मात्र केसाच्या जाडीएवढी पांढरी फट दिसू लागली होती. भिंग लागले नाही, टेबलावरच्या दिव्यात ती स्पष्ट दिसत होती.

लॉकिंग नटावर तीन चिमटे असतात आणि प्रत्येक चिमटा दोन तारा धरतो. मधल्या चिमट्याखाली तिसरी आणि चौथी तार येते, आणि तीनही जोड्यांत एक साधी व एक वेढे दिलेली (वर बारीक तार गुंडाळलेली) अशी विजोड जोडी ही एकच आहे. १०–४६ च्या संचात तिसरी तार ०.४३ मिलिमीटर जाड असते आणि चौथी ०.६६. चिमट्याला मधोमध एकच स्क्रू असतो आणि चिमटा स्वतः थोडा तिरका होऊन हा फरक सांभाळतो. या गिटारवर तो स्क्रू खाच गोल होईपर्यंत पिळला गेला होता आणि चौथ्या तारेने चिमट्याच्या तळाशी इतके खोल घर केले होते की चिमटा तिच्याच बाजूला बसला होता. तो गोल स्क्रू बाहेर काढण्यात अर्धी दुपार गेली, त्याचे वर्णन करत नाही. चिमटा उलटा करून प्रकाशात धरला तेव्हा त्याच्या तळावर दोन खुणा होत्या. चौथ्या तारेखाली आडव्या बारीक रेषा होत्या, कानशीच्या दातांसारख्या, म्हणजे तारेचे वेढे तिथे रुतले होते आणि तार जागची हलली नव्हती. तिसऱ्या तारेखाली मात्र एक सरळ, गुळगुळीत, चमकणारी रेषा होती. धातू असा चकाकतो तो त्यावर काहीतरी सतत मागेपुढे घासले गेल्यावरच.

दुसरी एक गोष्टही तिथे सापडली. नटाच्या मागे एक आडवी पट्टी असते, जी सहाही तारा नटाच्या तळावर दाबून ठेवते. ती इतकी वर राहिली होती की चिमटे नसताना तिसरी तार नटाच्या मागच्या कडेपासून उचललेली होती आणि तिच्याखालून प्रकाशाची रेघ दिसत होती. त्यामुळे चिमटा आवळताना तार खाली दाबली जाऊन १५ सेंट चढत असे. मालक ती फाइन ट्यूनरने उतरवून घेत असे आणि फाइन ट्यूनरचा सगळा प्रवास त्यातच संपत असे. पट्टीचे दोन स्क्रू फिरवून ती खाली घेतली, इतकेच काम होते.

पुण्याहून नवे चिमटे आणि स्क्रू यायला दोन दिवस लागले. त्या वेळात मालक रोज संध्याकाळी फोन करत होता आणि मी रोज तेच उत्तर देत होतो. चिमटे आल्यावर ते बसवले, ९–४२ चा संच चढवला, नट मोकळा ठेवून तारा बोटाने ताणून घेतल्या आणि सूर उतरायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावल्या, मग नट आवळला. आवळताना स्क्रू बसला की त्यापुढे फक्त पाव वळसा दिला. त्याहून जास्त जोराने पकड वाढत नाही, फक्त खाच गोल होते. ब्रिज अजून चिपांनी बंदच होता. दहा वेळा ओढल्यावर तिसरी तार एका सेंटच्या आत राहिली. मग चिपा काढल्या, एक स्प्रिंग कमी केली, स्प्रिंगा अडकवलेल्या मागच्या क्लॉचे दोन स्क्रू थोडे थोडे फिरवत ब्रिज समांतर आणला आणि दांडी पाच वेळा दाबून सावकाश सोडली. तिसरी तार ७ सेंट उतरली. वहीत ८ लिहिले होते, पण ते जाड तारांसाठी होते.

मालक तेव्हा समोरच बसला होता. "काका, आधी एकच तार बिघडली होती, आता साऱ्याच उतरल्या की," असे तो म्हणाला, आणि ऐकायला ते अगदी बरोबर होते. तरीही त्याने कॉर्ड वाजवून पाहिला तेव्हा तो पूर्वीपेक्षा गोड लागला. पूर्वी पाच तारा उतरलेल्या आणि एक चढलेली असल्याने तिच्यात आणि बाकीच्यांत ७ ते १३ सेंटचे अंतर होत होते आणि पेटीच्या दोन बेसूर पट्ट्यांसारखी लहर कानात येत होती. आता सहाही एकाच बाजूला गेल्याने आपसात बऱ्यापैकी जुळत होत्या, फक्त बँडमधल्या कीबोर्डशी जुळत नव्हत्या.

ब्रिज काढण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहायच्या होत्या. पहिली, दांडी सावकाश न सोडता एकदम सोडली तर काय होते. तशी सोडल्यावर ब्रिज दोन-तीनदा थरथरून थांबला आणि सहावी तार ९ ऐवजी ३ सेंटच उतरलेली राहिली. अडकण्याचे कारण घर्षण असेल तर थरथर त्याला सोडवते. तार सरकल्याचा दोष थरथरीने दुरुस्त होत नाही. दुसरी, स्टड लाकडात पक्के आहेत का. स्टडवरच्या ओढीचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे : तारा आणि स्प्रिंगा ब्रिजला फिरवण्याच्या बाबतीत एकमेकींविरुद्ध असतात, पण त्याला मानेकडे ओढण्याच्या बाबतीत दोघीही एकाच बाजूच्या असतात. १०–४६ च्या तारांची एकूण ओढ सुमारे ४७ किलो होते, ९–४२ ची सुमारे ३८. तीत स्प्रिंगांची भर पडते आणि ती सगळी दोन बारीक धारांवर येते. लाकडाने दगा दिला तर स्टड झुकतो. स्टड आणि गिटारचे अंग जिथे मिळतात तिथे नख टेकवून दांडी दाबली तर अशी हालचाल नखाला जाणवते. दोन्ही बाजूंना काही जाणवले नाही.

मग स्प्रिंगा सैल करून ब्रिज बाहेर काढला आणि सराफ बाजारातील एका ओळखीच्या सराफाचे दहापट दाखवणारे भिंग आणून धारा पाहिल्या. पातळ तारांच्या बाजूची धार चांगली होती, थोडे कीट होते ते पुसले गेले. जाड तारांच्या बाजूची धार मधोमध चपटी झाली होती. चपटा भाग अर्ध्या मिलिमीटरहून कमी रुंद असावा, परंतु त्याच्या एका बाजूला धातूची उलटलेली कड होती आणि स्टडच्या खाचेत तिला जुळणारी एक पायरी पडलेली होती. दांडी सोडल्यावर ती कड त्या पायरीवर थबकत असे. हे घडले कसे याचा अंदाज करणे कठीण नव्हते. तारांची उंची कमी करताना कोणीतरी तारा सैल न करता स्टड फिरवले होते. पूर्ण ओढीखाली धार खाचेत रुतलेली असताना स्टड फिरला की खाचेचे लोखंड धारेला कानशीसारखे खाते. आणि उंची अर्थातच जाड तारांच्या बाजूलाच जास्त बदलली गेली होती. जुना सराफ काट्यात माल टाकताना आणि काढताना दांडी धारेवरून उचलून धरतो, त्यामागचे कारण हेच असते.

माझ्या दुकानाच्या पाठीमागे पूर्व भागातील यंत्रमागांची कामे करणारा एक फिटर बसतो. त्याने ब्रिज हातात घेऊन पाहिला आणि कानशीने दोन मिनिटांत धार काढून देतो म्हणाला. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही; मागाचे भाग मी त्याला करताना पाहिले आहे. परंतु अशा स्वस्त ब्रिजमध्ये कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो, आणि कानस फिरली की तो थर जातो. खालच्या मऊ लोखंडाची धार पहिल्या आठवड्यात उत्तम चालते आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा वाईट होते. शिवाय एका बाजूची धार मागे सरली तर ब्रिज स्टडवर वाकडा बसतो. तेव्हा धारेला हात न लावता फक्त उलटलेली कड बारीक तेलाच्या दगडावर काढली. स्टडची जोडी नवी घातली, कारण ती स्वस्त मिळते आणि पायरी पडलेल्या खाचेत चांगली धारही टिकत नाही. स्पर्शाच्या जागी सुईच्या टोकावर मावेल इतके ग्रीस लावले. उंची तारा सैल करूनच लावली आणि मालकाला ते करताना शेजारी उभे केले.

त्यानंतरचे आकडे असे होते : दांडी दाबून सावकाश सोडल्यावर सहावी तार ३ सेंट उतरलेली, पाचवी आणि तिसरी २, बाकीच्या १. वर ओढून सोडल्यावर सहावी २ सेंट चढलेली आणि उरलेल्या ट्यूनरला जेमतेम कळतील इतक्या. शून्य आले नाही. चपटा भाग तिथेच होता आणि तो आहे तोवर शून्य येणार नाही, हे मी त्याला सांगितले. त्याच वेळी नव्या चांगल्या ब्रिजची किंमतही सांगितली, जी त्या गिटारला त्याने जुन्या बाजारात दिलेल्या पैशांच्या जवळपास जात होती. तो थोडा वेळ हिशेब करत राहिला, मग गणेशोत्सव होऊन जाऊ दे, म्हणाला. दांडी दाबल्यानंतर ती किंचित वर उचलून सोडायची, म्हणजे ब्रिज मध्याच्या जवळ येऊन थांबतो, ही युक्ती त्याला दाखवली. अनेक वादक ती नकळत करतातच.

अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभराने तो तारा बदलायला आला. दोन्ही कार्यक्रमांत मध्ये सूर लावावा लागला नाही, असे त्याने सांगितले. मी तारा काढण्यापूर्वी जुनीच चाचणी पुन्हा केली. तिसरी तार २ सेंटवर जशीच्या तशी होती. सहावी ५ सेंट उतरली. भिंग पुन्हा मागून आणले तेव्हा चपट्या भागाच्या कडेला नवी बारीक कड उलटू लागलेली दिसली, आणि ती त्यालाही भिंगातून दाखवली. नव्या ब्रिजसाठी स्टडमधील अंतर आणि ठोकळ्याची खोली व्हर्नियरने मोजून वहीत लिहिली आहे. पैसे दिवाळीच्या बोनसनंतर देतो म्हणून सांगून तो गेला.